घरी बांधलेल्या विमानाचं वायरिंग: मास्टर बंद केला तर इंजिन चालू राहतं का?

घरी विमान बांधणारं कुणी भेटलं की मी पहिला प्रश्न हाच विचारतो. हवेत असताना पॅनेलच्या मागून धूर आला आणि तुम्ही मास्टर स्विच (विमानाची वीज तोडणारा मुख्य स्विच) खाली केलात, तर इंजिन चालू राहील का? बरेच जण पटकन हो म्हणतात, मग जरा थांबतात, मग म्हणतात बघायला लागेल. ज्याला बघायला लागतं त्याचं वायरिंग अजून झालेलं नाहीये असं मी धरतो, भले सगळे दिवे लागत असतील आणि स्क्रीन मस्त चमकत असेल.

मी स्वतः अमेरिकेत गॅरेजमध्ये आरव्ही-७ (किटमधून बांधायचं दोन सीटचं पत्र्याचं विमान) बांधलंय. पत्र्याचं काम चाललं होतं तेव्हा एकेक रिव्हेट गेज लावून तपासला, मनासारखा नाही बसला तर ड्रिल करून काढला आणि परत मारला, आणि वायरिंगपर्यंत आलो तेव्हा इतकी वर्षं झाली होती की कधी एकदा उडतो असं झालं होतं, आणि नेमकी तिथेच घाई केली. मग दोन महिन्यांनी निम्मं वायरिंग उपसून परत केलं. आपल्याकडे कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीला इमारतीच्या गच्चीवर सहा सीटचं विमान बांधलं, २०१६ ला बीकेसीत मेक इन इंडियामध्ये ते लोकांनी डोळ्यांनी पाहिलं, तेव्हापासून मला ओळखीतली बरीच मुलं विचारतात की दादा हे सगळं घरी जमतं का. जमतं. पण वायरिंगचा भाग नीट समजून करा, म्हणून हे सविस्तर लिहितोय. १४ व्होल्टची सिस्टीम, म्हणजे १२ व्होल्टची बॅटरी आणि एक अल्टरनेटर, आणि पत्र्याचं विमान धरून लिहितोय, फायबरचं असेल तर काय बदलतं ते मध्ये मध्ये सांगतो.

आधी इंजिन कशावर चालतं ते बघा

लायकॉमिंगच्या इंजिनाला दोन मॅग्नेटो असतील तर ते स्वतःची ठिणगी स्वतः तयार करतात, बॅटरी काढून बाहेर फेकली तरी इंजिन फिरत राहतं. रोटॅक्स ९१२ यूएलएसचं पण तसंच, कार्ब्युरेटर आहे आणि इग्निशनला इंजिनमध्येच वेगळ्या कॉइल आहेत. या दोघांच्या बाबतीत धूर आला तर मास्टर बंद करायला जिवावर येत नाही. पण रोटॅक्स ९१२ आयएस घेतलंत, किंवा लायकॉमिंगला दोन्ही इग्निशन इलेक्ट्रॉनिक आणि इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शन लावलंत, तर वीज गेली म्हणजे इंजिन गेलं. पेट्रोल खूप आहे, प्रॉपेलर ठीक आहे, पण ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, व्होल्टेज नाही. इथे वायरिंगला पेट्रोलच्या पाइपाइतकाच मान द्यायला लागतो.

मी एका बाजूला मॅग्नेटो ठेवला आणि दुसऱ्या बाजूला इलेक्ट्रॉनिक इग्निशन. पेट्रोल थोडं जास्त जळत असेल, चालेल मला.

ज्यांचं इंजिन विजेवर चालतं त्यांनी इंजिनसाठी वेगळा बसबार करायचा, म्हणजे ईसीयू, इंजेक्टर, पेट्रोल पंप यांची वेगळी पट्टी, आणि तिला वीज मुख्य मास्टरमधून न देता थेट बॅटरीकडून, स्वतःच्या स्विचमधून द्यायची. दोन बॅटऱ्या असतील तर दोन वाटांनी. आणि हे करताना एक चूक मी तीन-चार विमानांत तरी पाहिलीये, दोन पंप घेतले, दोन ईसीयू घेतले, खर्च दुप्पट केला आणि दोघांची अर्थ (वीज बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जायची जोडणी) एकाच बोल्टला लावली, किंवा दोघांच्या वायरी एकाच कनेक्टरमधून नेल्या. तो बोल्ट ढिला झाला की दोन्ही गेले. त्यामुळे कागदावर बोट ठेवून एकेक गोष्ट मोडून बघा, ही वायर तुटली, हा स्विच गेला, हा फ्यूज उडाला, हा बोल्ट सुटला, आणि दर वेळी स्वतःला विचारा की आता इंजिन चालू आहे का. एकाही ठिकाणी उत्तर नाही आलं तर ड्रॉइंग बदला. कागदावर बदलायला काही लागत नाही.

मास्टर स्विच नक्की काय करतो हे पण माहीत असू द्या. बॅटरीची जाड वायर आधी बॅटरीजवळच्या कॉन्टॅक्टरला (मोठा करंट जोडणारा-तोडणारा रिले) जाते, आणि मास्टर स्विच फक्त त्या कॉन्टॅक्टरच्या कॉइलची अर्थ जोडतो किंवा तोडतो, त्यामुळे जाड वायर पॅनेलपर्यंत आणावी लागत नाही आणि मास्टर बंद केला की बॅटरीपासून चार बोटांवर सगळं मेलेलं असतं. उतरताना विमान आपटलं आणि पेट्रोल सांडलं तर हेच कामाला येतं. म्हणून कॉन्टॅक्टर बॅटरीला चिकटून बसवा, आणि जी वायर मास्टर बंद असतानाही जिवंत राहणार आहे (घड्याळ, आतला दिवा वगैरे) तिला बॅटरीपाशीच ५ ॲम्पिअर किंवा त्याहून लहान फ्यूज टाका. इंजिनच्या पंपाला जास्त करंट लागतो तेव्हा तिथे बॅटरीजवळ रिले लावून ती वायर पण बंद करता आली पाहिजे. आणि दुकानात दोन कॉन्टॅक्टर दिसायला सारखे असतात, एक सतत चालू ठेवायचा आणि एक स्टार्टरचा, जो दहा-पंधरा सेकंदांपुरता असतो. स्टार्टरचा मास्टरला लावला तर तो तापून कॉइल जळणार. पार्ट नंबर वाचून घ्या. कॉइलवर डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) लावायचा, पट्टा असलेलं टोक पॉझिटिव्हकडे, नाहीतर बंद करताना जो झटका येतो त्याने स्विचचे पॉइंट हळूहळू खराब होतात.

लोडचा हिशोब

वायर विकत घ्यायच्या आधी एक तक्ता करा, कुठली वस्तू किती ॲम्पिअर खाते. माझा साधारण असा आला, दोन स्क्रीन आणि त्यांचे सेन्सर ५, जीपीएस २, रेडिओ ऐकताना १, ट्रान्सपाँडर (रडारला विमानाची ओळख देणारं यंत्र) १, विंगवरचे दिवे आणि स्ट्रोब ३, लँडिंग लाइट ४, इग्निशन दीड, कॉन्टॅक्टरची कॉइल १, बूस्ट पंप (पेट्रोलचा जादा पंप) ४, पिटो हीट (वेग मोजणाऱ्या नळीवर बर्फ धरू नये म्हणून हीटर) १०. बेरीज ३२-३३. अल्टरनेटर ६० ॲम्पिअरचा आहे, आणि एफएएच्या (अमेरिकेची विमान नियामक संस्था) ४३.१३-१बी या सर्क्युलरमध्ये सांगितलंय की सततचा लोड अल्टरनेटरच्या क्षमतेच्या साधारण ८० टक्क्यांच्या आत ठेवा, म्हणजे माझी हद्द ४८. ठीक आहे.

पण खरा हिशोब पुढे आहे. अल्टरनेटर गेला तर? माझी बॅटरी १६-१७ ॲम्पिअर-अवरची लेड-ॲसिड एजीएम. सगळं चालू ठेवलं तर ३३ ॲम्पिअरला ती नवी असताना पण पाव तासाच्या आसपास जाते. आणि टाकीत चार तासांचं पेट्रोल. आता एकच स्क्रीन, रेडिओ, ट्रान्सपाँडर आणि इग्निशन एवढंच ठेवलं तर ७ ॲम्पिअर, बॅटरी थोडी जुनी झालेली धरली तरी दीड तास मिळतो. पाव तास आणि दीड तास यात फरक फक्त स्विचचा आहे. म्हणून या चार वस्तूंचा वेगळा बसबार करायचा, ज्याला मुख्य बसबारकडून डायोडमधून वीज मिळते आणि शिवाय बॅटरीकडून स्वतःची एक वाट असते. अल्टरनेटर गेला की ही दुसरी वाट चालू करायची आणि मास्टर बंद, कॉन्टॅक्टरची कॉइल पण एक ॲम्पिअर खाते तो वाचतो. आपली माणसं विचारतात की एवढं कशाला, स्क्रीनला आतली बॅकअप बॅटरी आहे ना. आहे, पण ती स्क्रीनपुरती, रेडिओ आणि इग्निशन तिच्यावर चालत नाहीत.

वायर कुठली आणि किती जाड

गाडीच्या दुकानातली पीव्हीसी वायर विमानात नको. ती जळली की जो धूर येतो त्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, डोळे उघडत नाहीत, आणि कॉकपिट म्हणजे बंद डबा. टेफझेलची वायर घ्या, रीळवर २२७५९/१६ असं लिहिलेलं असतं, टिनचा मुलामा दिलेलं तांबं, १५० अंश सेल्सिअसपर्यंत चालते. महाग आहे, पण पूर्ण विमानाचा खर्च बघितला तर काहीच नाही.

जाडी ठरवताना दोन गोष्टी बघायच्या, वायर तापते का आणि व्होल्टेज किती पडतं. १४ व्होल्टच्या सिस्टीममध्ये सतत चालणाऱ्या वस्तूला बसबारपासून जास्तीत जास्त अर्धा व्होल्ट पडलेला चालतो, थोडा वेळ चालणाऱ्याला एक व्होल्ट. पिटो हीटचं उदाहरण घ्या, १० ॲम्पिअर, पॅनेलपासून विंगमधल्या पिटोपर्यंत वळणं धरून ५ मीटर. गेजचा आकडा जितका लहान तितकी वायर जाड. १६ गेजच्या वायरला मीटरमागे साधारण १३ मिलिओहम रेझिस्टन्स असतो, म्हणजे ५ मीटरला ६५, गुणिले १० म्हणजे ०.६५ व्होल्ट. नापास. १४ गेजला मीटरमागे ८.३, पाच मीटरला ४१, म्हणजे ०.४१ व्होल्ट, पास. तापण्याच्या दृष्टीने १६ गेज पण चाललं असतं, पण पिटो पुरेसा गरम झाला नसता. आणि फायबरचं विमान असेल तर परतीचा रस्ता पत्र्यातून मिळत नाही, तेवढीच वायर परत आणावी लागते, म्हणजे पडलेलं व्होल्टेज दुप्पट आणि १४ गेज पण नापास.

फ्यूज किंवा ब्रेकर (उडाला की परत दाबून चालू करता येणारा) वायरीसाठी असतो, वस्तूसाठी नाही. हे लोकांच्या डोक्यात उलटं बसलेलं असतं. रेडिओ २ ॲम्पिअर खातो म्हणून २ चा फ्यूज शोधत बसतात, किंवा फ्यूज सारखा उडतो म्हणून १० चा टाकतात आणि वायर मात्र २२ गेजचीच राहते. मग शॉर्ट झाला की वायरच फ्यूज होते, पूर्ण लांबीत पेटते, आणि बाजूच्या वायरींना सोबत घेऊन जाते. माझं पाठांतर असं आहे: २२ गेजला ५, २० ला साडेसात, १८ ला १०, १६ ला १५, १४ ला २०. याच्या वर जायचं नाही. आणि फ्यूज नेहमी वीज येते त्या टोकाला, बसबारपाशी. वस्तूपाशी लावलेल्या फ्यूजने मधली वायर उघडीच राहते.

अल्टरनेटरकडून येणारी जाड वायर बरेच जण सरळ पॅनेलवरच्या ६० च्या ब्रेकरला आणतात. मी ती फायरवॉलच्या (इंजिन आणि कॉकपिट यांच्यामधली आग अडवणारी भिंत) पुढेच मोठ्या फ्यूजमधून स्टार्टर कॉन्टॅक्टरच्या बॅटरीकडच्या टोकाला नेली, कॉकपिटमध्ये ती जाड जिवंत वायर आलीच नाही.

स्विचवर किती ॲम्पिअर लिहिलंय ते बघताना ते एसीला आहे की डीसीला ते पण बघा. घरातला २५० व्होल्ट एसीचा स्विच डीसीवर बंद करताना आत ठिणगी लांब टिकते आणि पॉइंट जळतात.

क्रिम्पिंग

माझं निम्मं वायरिंग उपसायला लागलं ते याच्यामुळे. मी साध्या पकडीसारख्या स्वस्त क्रिम्परने लग (वायरीच्या टोकाला दाबून बसवायचे धातूचे तुकडे) दाबले होते, वरून बघायला छान दिसत होते. मग आमच्या चॅप्टरमधले, म्हणजे घरी विमान बांधणाऱ्यांच्या क्लबमधले, एक म्हातारे गृहस्थ, आयुष्यभर विमानांच्या वायरिंगचं काम केलेले, बघायला आले, त्यांनी काही न बोलता एक लग दोन बोटांत धरला आणि वायर ओढली, आली हातात. दुसरी ओढली, ती पण आली. त्या दिवशी मला रात्री झोप नाही लागली, कारण त्यातली एक इग्निशनची होती.

तर रॅचेटवाला क्रिम्पर घ्या, जो पूर्ण दाबल्याशिवाय सुटत नाही, आणि चांगल्या प्रतीचे लग, ज्यात तांब्याचा भाग आणि इन्सुलेशनचा भाग दोन्ही पकडले जातात. लाल लग २२ ते १८ गेजला, निळा १६-१४ ला, पिवळा १२-१० ला. वायर सोलताना एकही तार तुटली तर कापून परत सोला. आधी दहा-बारा लग फुकट घालवा, स्प्रिंगच्या वजनकाट्याला अडकवून ओढा. २२ गेजच्या क्रिम्पने १५ पाउंड म्हणजे जवळजवळ ७ किलो तरी धरायला पाहिजे, १८ गेजच्याने ३८ पाउंड, म्हणजे १७ किलो. तेवढं धरलं तर हात बसला म्हणायचं. नंतर विमानात बसवलेला प्रत्येक लग हाताने ओढून बघायचा, प्रत्येक, कंटाळा आला तरी.

सोल्डर करू नका असं मी म्हणत नाही, पण सोल्डर वायरीत वर चढतं आणि जिथे संपतं तिथे वायर कडक आणि मऊ यांच्या सीमेवर इंजिनच्या थरथराटाने तुटते. सोल्डर केलंच तर हीट श्रिंक लावून तो भाग आधाराला बांधा. एका बोल्टवर चारपेक्षा जास्त लग चढवायचे नाहीत.

वायरी न्यायच्या कशा

विमानात सगळं सतत थरथरतं, त्यामुळे वायर जिथे पत्र्याला टेकते तिथे आज ना उद्या इन्सुलेशन घासून जाणार हे धरूनच चालायचं. १९९८ च्या २ सप्टेंबरला स्विसएअर १११ कॅनडात नोव्हा स्कोशियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळलं, २२९ माणसं गेली, तपासात निघालं की कॉकपिटच्या वरच्या भागात वायरीवर आर्किंग झालं, म्हणजे ठिणग्या उडाल्या, आणि आजूबाजूच्या इन्सुलेशनच्या आवरणाने पेट घेतला. मोठं प्रवासी विमान होतं, तज्ज्ञांनी केलेलं काम होतं. आपण तर गॅरेजमध्ये करतोय.

मग काय करायचं, तर भोकातून जाताना रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसवायची रबरी कडी), आणि वायर कडेपासून ३/८ इंचाच्या आत येत असेल तर ग्रोमेटशिवाय नाहीच. रबर लावलेले धातूचे क्लॅम्प जास्तीत जास्त २४ इंचांवर, मध्ये वायर हलक्या हाताने दाबली तर अर्ध्या इंचापेक्षा जास्त लोंबली नाही पाहिजे. झिप टाय चालतात पण शेंडा सपाट कापा, तिरका कापलेला शेंडा ब्लेडसारखा असतो, पुढच्या वर्षी पॅनेलखाली हात घातला की रक्त निघतं. पेट्रोलच्या पाइपापासून होईल तितकं लांब, सहा इंच मिळाले तर उत्तम, अर्ध्या इंचाच्या आत कधीच नाही, आणि वायर पाइपाच्या वर पाहिजे, खाली नाही, कारण पाइप गळला तर पेट्रोल खालीच येणार. क्लॅम्प असे लावा की वायर क्लॅम्पपाशी तुटली तरी तिचं टोक पाइपापर्यंत पोचणार नाही. हे मी दोरा घेऊन मोजलं होतं.

फायरवॉलमधून जाताना रबरी ग्रोमेट चालत नाही, आग लागली की ते आधी वितळतं आणि भोक उघडं पडतं. तिथे स्टेनलेस स्टीलचं, आत फायर स्लीव्ह आणि आगीला टिकणारा सीलंट.

अर्थ

इंजिन रबरी माउंटवर बसलेलं असतं, त्यामुळे इंजिनला स्वतःची जाड अर्थ पट्टी लागते. ती विसरली किंवा ढिली राहिली तर स्टार्टरचा शेकडो ॲम्पिअर करंट दुसरी वाट शोधतो, आणि ती वाट म्हणजे थ्रॉटलची आणि मिक्श्चरची केबल. केबल लाल होते, आतून चिकटते, आणि तुम्हाला वाटतं थ्रॉटल का जड झाला. स्टार्टर मारताना मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं इंजिनच्या केसला लावून बघा, ०.२ व्होल्टच्या वर गेलं तर मी सगळे बोल्ट काढून, पत्रा घासून चकचकीत करून परत लावतो. बाकी सगळ्या वस्तूंच्या अर्थ फायरवॉलवरच्या एकाच पितळी पट्टीवर आणल्या तर हेडसेटमधली अल्टरनेटरची शिट्टी पण बहुतेक जाते. इंजिनच्या ज्या वस्तू दोन-दोन आहेत (पंप, ईसीयू) त्यांच्या अर्थ मात्र दोन वेगळ्या ठिकाणी, ते वर सांगितलंच.

मॅग्नेटोची पी-लीड (मॅग्नेटो बंद करायची वायर) याच्या अगदी उलट वागते. ती अर्थ झाली की मॅग्नेटो बंद, तुटली की मॅग्नेटो कायम चालू. म्हणजे चावी बंद आहे, खिशात आहे, आणि प्रॉपेलर हाताने फिरवला तर इंजिन मारू शकतं. रनअपला, म्हणजे उडण्याआधी इंजिन तपासताना, एक मॅग्नेटो बंद केल्यावर आरपीएम अजिबात पडलं नाही तर लोक खूश होतात, तिथे खूश नाही व्हायचं, इंजिन बंद करून पी-लीड तपासायची.

अल्टरनेटर जास्त देतो तेव्हा

अल्टरनेटर बंद पडणं त्रासाचं आहे, पण रेग्युलेटर बिघडून तो सुटणं जास्त वाईट. व्होल्टेज १४ वरून चढत जातं, बॅटरी उकळायला लागते, स्क्रीन आणि रेडिओ सगळे एकदम जातात. यासाठी ओव्हरव्होल्टेजचं मॉड्यूल लागतं, साधारण १६ व्होल्टच्या वर गेलं की ते फील्डच्या (अल्टरनेटर चालू ठेवणाऱ्या) वायरीला मुद्दाम शॉर्ट करतं आणि ५ चा फील्ड ब्रेकर उडतो, अल्टरनेटर थांबतो. गाडीचा आत रेग्युलेटर असलेला अल्टरनेटर लावणार असाल तर आधी खात्री करा की बाहेरून कंट्रोल वायर काढल्यावर तो खरंच थांबतो, बऱ्याच जणांचा थांबत नाही, मग त्याच्या जाड वायरीवर वेगळा कॉन्टॅक्टर लागतो. आणि अल्टरनेटर चालू ठेवून बॅटरी कधीही तोडायची नाही, बॅटरी हीच सगळ्या सिस्टीमचा धक्का झेलणारी उशी असते.

रोटॅक्स ९१२ वाल्यांसाठी, रेग्युलेटरला हवा मिळेल अशा जागी बसवा, तो ८० अंशांच्या वर गेला नाही पाहिजे, आणि २२,००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सांगितलेला असतो तो लावाच.

कमी व्होल्टेजचा लाल दिवा १३ व्होल्टला लावा, लुकलुकणारा, थेट डोळ्यांसमोर. १३ च्या खाली म्हणजे अल्टरनेटर काही देत नाहीये. स्क्रीनच्या कोपऱ्यातला आकडा कुणी दर मिनिटाला बघत नाही, आणि रेडिओ खरखरायला लागेपर्यंत बॅटरीचा निम्मा जीव गेलेला असतो.

लिथियम बॅटरी

वजन खूप वाचतं, ७ किलोच्या जागी दोन-सव्वादोन किलो, म्हणून मोह होतो. घ्या, पण लिथियम आयर्न फॉस्फेटचीच, आत बीएमएस (बॅटरीवर लक्ष ठेवणारं सर्किट) असलेली, तिचा फॉल्टचा दिवा पॅनेलवर जोडून, आणि ओव्हरव्होल्टेज संरक्षण असेल तरच. हिचं व्होल्टेज १३.२-१३.३ ला बराच वेळ सपाट राहतं, त्यामुळे लेड-ॲसिडसारखं व्होल्टेज बघून किती उरलीय ते कळत नाही. कॉकपिटच्या आत ठेवणार असाल तर धूर बाहेर जाईल अशी नळी लागते. लेड-ॲसिड असो की लिथियम, वर्षातून एकदा ठराविक लोड लावून घड्याळ लावा, ७५-८० टक्क्यांच्या खाली आली की बदला, स्टार्टर अजून फिरवतेय म्हणून ठेवू नका. स्टार्टरला काही सेकंद पुरतात, तुम्हाला दीड तास पाहिजे.

ब्रेकर उडाला तर, धूर आला तर

२००७ च्या १० जुलैला फ्लोरिडात सॅनफर्डला एक सेस्ना ३१० पडलं, विमानातले दोघं आणि जमिनीवर घरातले तिघं गेले. आदल्या दिवशीच्या पायलटला जळका वास आला होता, त्याने वेदर रडारचा ब्रेकर ओढला, वास गेला, त्याने लिहूनही ठेवलं. दुरुस्ती झाली नाही आणि विमान परत उडालं, तपासात असं मानलं गेलं की ब्रेकर परत आत दाबला गेला असावा. मी हे वाचलं त्या दिवसापासून माझा नियम आहे, हवेत उडालेला ब्रेकर परत दाबायचा नाही. ती वस्तू नसेल तर विमान पडणार आहे का? नसेल तर राहू दे, खाली उतरल्यावर बघू. अगदी उतरण्यासाठी ती लागणारच असेल तर एक मिनिट थंड होऊ द्यायचा आणि एकदाच.

धूर आला तर अल्टरनेटर आणि मास्टर बंद, केबिन हीट बंद, व्हेंट उघडे, विझवायचा सिलिंडर हाताशी, आणि जवळची धावपट्टी गाठायची. मास्टर बंद केल्यावर रेडिओ जाणार म्हणून चार्ज केलेला हातातला रेडिओ सीटच्या खिशात. स्क्रीनची बॅकअप बॅटरी मास्टर बंद केल्यावरही चालू राहते, हे बरं आहे, पण धूर तिचाच असेल तर? तिला पण वेगळा स्विच पाहिजे. इंजिन विजेवर असेल तर आधी मुख्य मास्टर बंद, इंजिनचा बसबार चालूच ठेवायचा, धूर थांबतो का बघायचं. हा क्रम डोळ्यांसमोर छापून लावा, कारण धुरात आठवत नाही.

पहिल्या उड्डाणाआधी

पहिल्यांदा वीज देताना सगळे ब्रेकर ओढून, फ्यूज काढून, बॅटरीच्या जागी करंटची मर्यादा लावता येणारा पॉवर सप्लाय, आणि एकेक सर्किट चालू करत तक्त्यातला आकडा आणि मीटरवरचा आकडा जुळवा. मला बूस्ट पंप ४ च्या जागी ७ खाताना सापडला होता, आत धातूचा कीस अडकला होता.

मग इंजिन चालू करून, चाकांना ठोकळे लावून, शेपूट दोराने बांधून, सोबत एक माणूस सिलिंडर घेऊन उभा, अल्टरनेटर बंद करा. लाल दिवा लागतो का, किती सेकंदांनी. मग दुसऱ्या वाटेवर जा, मास्टर बंद करा. इंजिन जराही न अडखळता चालू राहिलं पाहिजे. स्क्रीन चालू, रेडिओवर कुणाशी तरी बोलून बघा. मग याच अवस्थेत तसाच बसा, घड्याळ लावून, पूर्ण दीड तास नाही तर निदान अर्धा तास, आणि व्होल्टेज दर पाच मिनिटांनी लिहा. इंजिन जास्त तापायला लागलं तर बंद करून बाकीचा वेळ फक्त लोड चालू ठेवा.

अमेरिकेत सहसा पहिले २५ ते ४० तास ठरलेल्या भागातच, टेस्ट म्हणून उडवायचे असतात, आणि एनटीएसबीने (तिथली अपघात तपासणारी संस्था) २०१२ मध्ये घरी बांधलेल्या विमानांचा अभ्यास केला त्यात दिसलं की बरेच अपघात विमानाच्या आयुष्याच्या सुरुवातीलाच होतात. म्हणून पहिल्या पाच तासांनी एकदा आणि पंचविसाव्या तासाला परत, काउलिंग (इंजिनवरचं झाकण) काढून, टॉर्च आणि आरसा घेऊन, फायरवॉलच्या पुढची प्रत्येक वायर हाताने चाचपून बघा, लग गरम होऊन रंग बदललाय का, क्लॅम्प सरकलाय का, काळी पावडर दिसते का. काळी पावडर म्हणजे तिथे काहीतरी घासतंय. माझ्या पाचव्या तासाला अल्टरनेटरच्या जाड वायरीचा बोल्ट पाव वळसा ढिला सापडला. टॉर्क पेंट (बोल्ट फिरला तर कळावं म्हणून त्यावर ओढायची रंगाची रेघ) लावायला मी विसरलो होतो.